वाचकांचे प्रश्न : रबराचे गणित कोणत्या वेळेचे?

रबरी भागांच्या संगणकीय विश्लेषणाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी निवडली आहेत. त्यांतील प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण आहे. रबराचा कोणताही गुणधर्म सांगताना तो किती वेळात, कोणत्या तापमानाला आणि किती विकृतीवर (मूळ आकाराच्या तुलनेत किती बदलावर) मोजला हे सोबत सांगावे लागते, आणि नेमके तेच वगळले जाते.

प्रश्न : मी यंत्राखाली आधार म्हणून बसवायच्या रबरी माउंटचे फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे भागाचे लहान घटकांत तुकडे करून, विश्लेषण करीत आहे. पुरवठादाराकडून ‘शोअर ए 60’ एवढीच कठीणतेची माहिती मिळाली. त्यावरून मॉड्युलस (ताठपणाचे माप) काढला आणि रबर असंपीड्य असते, म्हणजे दाबल्याने त्याचे आकारमान घटत नाही, म्हणून पॉयसन गुणोत्तर (लांबीतील बदलाशी रुंदीतील बदलाचे प्रमाण) 0.5 दिले, तर सॉफ्टवेअरने गणितच नाकारले. 0.49 दिल्यावर उत्तर मिळाले, परंतु प्रत्यक्ष माउंट त्यापेक्षा बराच ताठ निघाला. असे का व्हावे?

उत्तर : 0.5 हे मूल्य दिल्यावर बल्क मॉड्युलस (आकारमान घटवण्यास होणारा विरोध) अनंत होतो आणि नेहमीच्या, फक्त विस्थापनावर आधारलेल्या घटकांचे समीकरण तेथेच कोलमडते. म्हणून 0.49 घेण्याची पळवाट पुष्कळ जण काढतात. तिची किंमत आकड्यांत पाहू. कठीणतेवरून मॉड्युलसचा अंदाज देणारे जेंट यांचे 1958 चे सूत्र वापरले, तर शोअर ए 60 साठी यंग मॉड्युलस (ताणाला विरोध) सुमारे 3.6 मेगापास्कल आणि शिअर मॉड्युलस (आडव्या सरकण्याला विरोध) सुमारे 1.2 मेगापास्कल येतो. पॉयसन गुणोत्तर 0.49 धरल्यास त्यातून बल्क मॉड्युलस जेमतेम 60 मेगापास्कल निघतो. खऱ्या रबराचा बल्क मॉड्युलस मात्र 2000 मेगापास्कलच्या आसपास असतो, म्हणजे खरे गुणोत्तर 0.4997 च्या जवळपास आहे. चौथ्या दशांश स्थळापर्यंत जाणारा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण आपले गणितातले रबर आकारमानाच्या दृष्टीने खऱ्यापेक्षा तीसपटींहून अधिक मऊ झालेले आहे.

या चुकीचा परिणाम भागाच्या आकारावर अवलंबून असतो. मोकळी रबरी पट्टी ताणली, तर 0.49 आणि 0.4997 यांच्या उत्तरांत फरक जाणवणारही नाही, कारण रबराला बाजूंनी आत सरकायला वाव असतो. माउंटमध्ये मात्र रबर वरखाली धातूच्या पट्ट्यांना चिकटवलेले असते आणि दाबाखाली त्याला फक्त कडेने फुगता येते. भार घेणारे क्षेत्रफळ आणि फुगायला मोकळे असलेले क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर जितके मोठे, तितका भागाचा ताठपणा बल्क मॉड्युलसवर अवलंबून राहतो. पातळ आणि रुंद पॅडमध्ये हे प्रकर्षाने दिसते, आणि आपला माउंट बहुधा त्याच जातीचा असावा.

उपाय म्हणजे दाब हे स्वतंत्र अज्ञात मानणारे मिश्र सूत्रीकरणाचे घटक वापरणे. अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना हायब्रिड घटक म्हणतात आणि इतर प्रणालींतही ते वेगवेगळ्या नावांनी उपलब्ध आहेत. ते न वापरता साध्या घटकांना 0.4997 दिल्यास पूर्ण समाकलनाचे पहिल्या श्रेणीचे घटक ‘लॉक’ होतात, म्हणजे मेश (घटकांची जाळी) खोटाच ताठ होतो. समाकलन कमी करून ही अडचण टाळता येते, पण मग घटक ऊर्जेविना वाकडेतिकडे होऊ लागतात आणि त्यांना आवरण्यासाठी आणखी एक कृत्रिम ताठपणा घालावा लागतो. अगदी लहान कालटप्प्यांनी पुढे जाणारी एक्सप्लिसिट पद्धत वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. बल्क मॉड्युलस दिला नाही, तर अबॅकस एक्सप्लिसिट तो शिअर मॉड्युलसच्या 20 पट धरते, म्हणजे पॉयसन गुणोत्तर 0.475 होते. गणित वेगाने व्हावे यासाठी केलेली ही सोय बंदिस्त रबराला मुळीच लागू पडत नाही.

कठीणतेवरून काढलेला मॉड्युलस पहिल्या अंदाजापुरताच वापरावा. कठीणतामापकाची टोचणी रबरात रुतल्यानंतर काही सेकंदांनी आकडा वाचला जातो, म्हणजे त्या ‘60’ मध्येही काळ दडलेला आहे. मोठ्या विकृतीसाठी हायपरइलॅस्टिक प्रतिमान, म्हणजे मोठ्या ताणातही रबराचे वर्तन सांगणारे सूत्र, घ्यावे लागते. मूनी (1940) आणि रिव्हलिन (1948) यांचे प्रतिमान सर्वांत परिचित आहे, तर ऑग्डेन यांचे 1972 चे प्रतिमान अधिक लवचीक आहे. आपल्याकडे फक्त एकअक्षीय ताण-चाचणीची माहिती असेल, तर मी येओ यांचे प्रतिमान सुचवेन. एकाच चाचणीवर बसवलेले अनेक सहगुणकांचे मूनी-रिव्हलिन किंवा ऑग्डेन प्रतिमान त्या चाचणीशी सुरेख जुळते आणि द्विअक्षीय ताणाखाली भलतेच उत्तर देते. ट्रेलोर यांनी 1944 मध्ये एकाच रबरावर एकअक्षीय, द्विअक्षीय आणि शुद्ध शिअर अशा तिन्ही चाचण्या घेतल्या. नवे प्रतिमान पारखण्यासाठी आजही त्याच मोजमापांचा आधार घेतला जातो.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत रबरी नमुना ठरावीक विकृतीवर धरून एक तासभर प्रतिबल (क्षेत्रफळामागे बल) कसे उतरते ते मोजले. सॉफ्टवेअरने त्यावर दोन पदांची प्रोनी श्रेणी उत्तम बसवली, त्यांतील एकाचा शिथिलन-काल (प्रतिबल विरून जाण्यास लागणारा काळ) 8 सेकंद आणि दुसऱ्याचा 400 सेकंद आहे. परंतु 25 हर्ट्झच्या कंपनाखाली गणितातील माउंट जवळजवळ शून्य अवमंदन (कंपन शमवणे) दाखवतो. चूक फिटिंगची आहे की सॉफ्टवेअरची?

उत्तर : दोघांचीही नाही. चाचणी ज्या काळाची घेतली आणि उत्तर ज्या काळाचे मागितले, ते दोन काळ एकमेकांना भेटतच नाहीत.

प्रोनी श्रेणीत शिअर मॉड्युलस काळानुसार घटत जाणाऱ्या घातांकी पदांची बेरीज म्हणून लिहिला जातो. प्रत्येक पदाला स्वतःचा वाटा आणि स्वतःचा शिथिलन-काल असतो, आणि सर्व पदे विरून गेल्यावर जो उरतो तो दीर्घकालीन मॉड्युलस. यांत्रिक चित्र काढायचे झाल्यास एक स्प्रिंग आणि तिच्या समांतर अनेक मॅक्सवेल जोड्या, प्रत्येक जोडीत एक स्प्रिंग आणि एक डॅशपॉट (वेगाला विरोध करणारा दट्ट्या). आवर्ती भाराखाली एखादे पद किती ऊर्जा शोषते हे कोनीय वारंवारता आणि शिथिलन-काल यांच्या गुणाकारावर ठरते. हा गुणाकार 1 असताना शोषण सर्वाधिक असते. तो त्याहून फार लहान असेल तर डॅशपॉट विनासायास सरकतो, फार मोठा असेल तर तो जागचा हलतच नाही, आणि दोन्ही प्रसंगी ऊर्जा वाया जात नाही.

आता आपले आकडे घालू. 25 हर्ट्झ म्हणजे सुमारे 157 रेडियन प्रतिसेकंद. 8 सेकंदांच्या पदासाठी गुणाकार 1250 च्या वर जातो आणि 400 सेकंदांच्या पदासाठी 62,000 च्या वर. पहिल्या पदाचा वाटा 15 टक्के धरला, तरी त्याच्यामुळे येणारा लॉस फॅक्टर (ऊर्जा वाया जाण्याचे प्रमाण) 0.0001 च्या आसपास राहतो. फिलर (कार्बन ब्लॅकसारखी बारीक पूड) घातलेल्या रबराचा खरा लॉस फॅक्टर सहज 0.1 च्या घरात असू शकतो. तेव्हा सॉफ्टवेअरने जे दिले ते दिलेल्या श्रेणीचे बिनचूक उत्तर आहे. 25 हर्ट्झला अवमंदन देणाऱ्या पदाचा शिथिलन-काल 0.006 सेकंदाच्या जवळपास हवा, आणि नमुना ताणायलाच सेकंदभर घेणारी चाचणी त्याविषयी काहीही सांगू शकत नाही. किंबहुना ताणण्यास जितका वेळ लागला, त्याच्या सुमारे दहापट काळापर्यंतची मोजमापेसुद्धा आदर्श ‘झटक्याची’ मानता येत नाहीत.

कंपनासाठी आवर्ती भाराखाली गुणधर्म मोजणाऱ्या डीएमए यंत्रावर वारंवारतेनुसार साठवण मॉड्युलस (परत मिळणाऱ्या ऊर्जेचा) आणि ऱ्हास मॉड्युलस (वाया जाणाऱ्या ऊर्जेचा) मोजावेत आणि दोन्हींवर एकाच वेळी श्रेणी बसवावी. काळाच्या प्रत्येक दशकाला, म्हणजे दहापटीच्या प्रत्येक टप्प्याला, साधारण एक पद पुरते. त्याहून विरळ पदे घेतली तर लॉस फॅक्टरच्या आलेखावर खऱ्या रबरात नसलेल्या लाटा उमटतात. 1 ते 100 हर्ट्झ एवढाच आपला पट्टा असेल, तर 0.0001 पासून 1 सेकंदापर्यंत पसरलेली पाच पदे ठीक आहेत. एखाद्या पदाचा वाटा ऋण आला तर तो निकाल बाजूला ठेवावा, मग वक्र कितीही सुंदर जुळलेला असो, कारण ऋण वाट्याचे पद ऊर्जा निर्माण करते. या श्रेणीच्या मागचे गास्पार द प्रोनी यांनी 1795 मध्ये ही पद्धत मांडली ती वायू आणि बाष्प यांच्या प्रसरणाची मोजमापे सूत्रात बसवण्यासाठी. रबराचा त्यात कोठेही संबंध नव्हता. श्रेणीतील पदे म्हणजे रबराच्या अंतरंगातील भौतिक घटना नव्हेत, ती वक्र बसवण्याची साधने आहेत, एवढे या इतिहासावरून लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. मोजलेल्या पट्ट्याच्या बाहेर त्यांच्यावर विसंबू नये.

एक तासाची आपली चाचणी वाया गेली असे मात्र समजू नका. स्थिर भाराखाली माउंट किती बसेल या प्रश्नासाठी तीच उपयोगी आहे. रबराचे शिथिलन बहुधा लॉगरिदमिक काळात एकसारखे होत जाते, म्हणजे पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जेवढे होते, साधारण तेवढेच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. एका तासापासून दहा वर्षांपर्यंतचे अंतर म्हणजे जेमतेम पाच दशके. तेवढे पुढे ओढून अंदाज बांधता येतो, परंतु दीर्घ काळात, विशेषतः उष्णतेत, ऑक्सिजनमुळे रबराची रासायनिक रचनाच बदलू लागते आणि तेथे हा हिशेब संपतो.

यापुढची चूक इतकी सर्वत्र आढळते की न विचारताही लिहितो. हायपरइलॅस्टिक सहगुणक तात्कालिक आहेत की दीर्घकालीन, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. ताण-चाचणी प्रत्येक टप्प्यावर थांबून, प्रतिबल स्थिरावू देऊन घेतली असेल तर ते दीर्घकालीन आहेत. झटपट ओढून घेतली असेल तर ते तात्कालिकाच्या जवळ आहेत, पूर्ण तात्कालिक नव्हेत. सर्व पदांचा मिळून वाटा 0.4 असेल आणि हा पर्याय उलटा निवडला गेला, तर ताठपणात 1.67 पटींची चूक होते, आणि ती मेश कितीही बारीक केला तरी जात नाही. तसेच अबॅकसमध्ये साध्या स्टॅटिक स्टेपमध्ये (विश्लेषणाच्या स्थिर टप्प्यात) काळावर अवलंबून असलेला भाग कार्यरतच नसतो, त्यासाठी व्हिस्को स्टेप किंवा डायनॅमिक स्टेप घ्यावी लागते. तेथे काळाचे इन्क्रिमेंट (गणिताचे एकेक पाऊल) भाराच्या बदलाला साजेसे लहान हवे. संपूर्ण भूतकाळ साठवावा लागेल ही भीती मात्र बाळगू नये, कारण 1970 मध्ये टेलर, पिस्टर आणि गूड्रो यांनी मांडलेल्या पुनरावर्ती पद्धतीमुळे प्रत्येक पदासाठी मागील एका क्षणाची स्थिती जपली की पुरते. आणि भार स्थिर आवर्ती असेल, तर काळात पुढे सरकत बसण्यापेक्षा आधी पूर्वभार लावून त्याभोवती वारंवारतेच्या क्षेत्रात रेषीय विश्लेषण करणे कितीतरी स्वस्त पडते.

प्रश्न : डीएमएची माहिती घालून विश्लेषण केले. अत्यल्प आयामावर (कंपनाच्या विस्तारावर) ते चाचणीशी जुळते, पण 10 टक्के विकृतीवर खरा भाग गणितापेक्षा मऊ आहे. शिवाय नवा भाग पहिल्या फेरीत सर्वांत ताठ असतो. कोणते प्रतिमान घ्यावे?

उत्तर : आपण दोन वेगळ्या परिणामांची गाठ एकत्र मारली आहे. पहिल्या फेरीतील जादा ताठपणा पुढे हरवतो, तो मलिन्स परिणाम. पूर्वी सोसलेल्या सर्वाधिक विकृतीच्या आत रबर मऊ वागते आणि ती मर्यादा ओलांडली की पुन्हा मूळ वक्रावर येते. आयाम वाढला की साठवण मॉड्युलस घसरतो आणि ऱ्हास मॉड्युलस मधल्या आयामावर शिखर गाठतो, तो पेन परिणाम. कार्बन ब्लॅकच्या कणांनी आपापसांत बांधलेले जाळे विकृतीबरोबर तुटते आणि सावकाश पुन्हा जुळते, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. फिलर नसलेल्या रबरात हा परिणाम नगण्य असतो. फिलर भरपूर असलेल्या रबरात मात्र वारंवारता दहापट केल्याने जेवढा फरक पडतो, त्याहून मोठा फरक आयाम दहापट केल्याने पडू शकतो.

प्रोनी श्रेणीची हायपरइलॅस्टिक प्रतिमानाशी जी नेहमीची जोडणी असते, तिच्यात प्रत्येक पदाचा वाटा विकृतीवर अवलंबून नसतो. म्हणून पदे वाढवून पेन परिणाम त्यात कधीच येणार नाही. मलिन्स परिणामासाठी ऑग्डेन आणि रॉक्सबर्ग यांचे 1999 चे प्रतिमान बहुतेक प्रणालींत तयार असते. मोठ्या विकृतीतील अरेषीय श्यानतेसाठी बर्गस्ट्रॉम आणि बॉइस यांचे 1998 चे प्रतिमान आहे. तरीही माझा सल्ला असा की आधी साधा मार्ग चोखाळावा. भाग वापरात एकाच ठरावीक आयामावर चालत असेल, तर नमुन्याला त्या आयामाच्या काही फेऱ्या देऊन स्थिर करावे, डीएमए चाचणी त्याच आयामावर आणि त्याच पूर्वभारावर घ्यावी, आणि त्यावर साधी प्रोनी श्रेणी बसवावी. त्या एका परिस्थितीत ती उत्तम उत्तर देते. आयाम बदलता असेल, किंवा एकाच वेळी मोठे संथ आणि लहान वेगवान कंपन असेल, तरच जड प्रतिमानाकडे वळावे, कारण त्याचे सहगुणक ठरवायला लागणाऱ्या चाचण्या विश्लेषणापेक्षाही महाग पडतात.

प्रश्न : सीलचे विश्लेषण सामान्य तापमानाला केले असून संपर्कदाब पुरेसा दिसतो. यंत्र उणे 30 अंश सेल्सिअसलाही चालणार आहे. थोडा मॉड्युलस वाढवून तेच विश्लेषण पुन्हा केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि याचे सर्वांत कटू उदाहरण जगासमोर आहे. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर अवकाशयान नष्ट झाले, ते बूस्टरच्या सांध्यातील ओ-रिंग थंडीमुळे फट भरून काढण्याइतक्या चपळ राहिल्या नाहीत म्हणून. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी ओ-रिंगचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही हे दाखवले. रबर ताठ झाले एवढाच तेथील मुद्दा नव्हता. त्याला मूळ आकारात परतायला लागणारा वेळ वाढला, आणि फट त्याआधीच उघडली.

तापमान कमी होते तेव्हा सर्व शिथिलन-काल मिळून लांबतात. किती लांबतात हे विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांच्या 1955 च्या समीकरणाने मिळते. समजा, आपल्या रबराचे काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली ते काचेसारखे कडक होते ते तापमान, उणे 70 अंश आहे. समीकरणाचे सर्वसाधारण स्थिरांक, 17.44 आणि 51.6, वापरले तर 20 अंशांवरून उणे 30 अंशांवर जाताना शिथिलन-काल जवळजवळ तीन हजार पट होतात. 20 अंशांना 1 मिलिसेकंदात शिथिल होणारे पद तेथे सुमारे 3 सेकंद घेईल. सील दाबलेला असताना फक्त संपर्कदाब पाहिला तर यातले काहीच दिसणार नाही. म्हणून विश्लेषणात सील आधी दाबावा, तापमान उतरवावे, आणि मग जोडभाग प्रत्यक्षात ज्या वेगाने हलतो त्याच वेगाने दूर न्यावा, आणि संपर्क टिकतो का ते पाहावे. हे स्थिरांक अंदाजापुरतेच आहेत. वेगवेगळ्या तापमानांना घेतलेले डीएमए वक्र सरकवून एकमेकांवर बसवावेत आणि स्वतःच्या रबराचे स्थिरांक काढावेत. फिलर भरपूर असेल तर वक्र नीट जुळत नाहीत, हेही तेव्हाच कळते.

प्रश्न : प्रतिमान बरोबर घातले आहे याची खात्री मोठे विश्लेषण करण्यापूर्वी कशी करावी?

उत्तर : एकाच घनाकृती घटकावर साधा शिअर द्यावा, 20 टक्के आयामाचे ज्या-वक्रीय कंपन काही फेऱ्या चालवावे आणि शेवटच्या फेरीतील प्रतिबल-विकृती वेटोळ्याचे क्षेत्रफळ मोजावे. ते π, ऱ्हास मॉड्युलस आणि आयामाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतके यायला हवे. ऱ्हास मॉड्युलस 0.2 मेगापास्कल असेल, तर प्रत्येक फेरीत घनमीटरमागे सुमारे 25 किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. एका फेरीत दहाच इन्क्रिमेंट घेतले की हे क्षेत्रफळ चुकते, त्यामुळे पुरेसे इन्क्रिमेंट किती हेही याच वेळी ठरते. हीच ऊर्जा रबरात उष्णता होऊन राहते. 10 हर्ट्झला आणि बाहेर काहीच न जाता, तापमान मिनिटाला सात अंशांच्या आसपास चढेल. रबर उष्णतेचे अत्यंत मंद वाहक असल्यामुळे जाड भागाच्या गाभ्यात हा ‘काहीच न जाता’चा हिशेब सुरुवातीला बराचसा खरा ठरतो. तेव्हा दीर्घकाळ कंप पावणाऱ्या जाड भागासाठी 20 अंशांची श्रेणी वापरून काढलेला लॉस फॅक्टर पहिल्या काही मिनिटांपुरताच लागू समजावा आणि पुढच्या काळासाठी उष्णता-यांत्रिकी जोड-विश्लेषण करावे.